सांबारवडी निवायच्या आत

नागपूरहून पुण्याला विमानाने किती वेळ लागतो, असं कुणी विचारलं की मी सांगतो, सांबारवडी निवायच्या आत पोचतो. हे माप माझं नाही. एकदा विमानात शेजारी बसलेल्या उमरेडच्या बाईंचं आहे.

बाई साठीच्या. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला स्टीलचा डबा. तो वरच्या कप्प्यात ठेवायला सांगितलं, तेव्हा "तिथं थंड होते," म्हणून त्यांनी तो पायाशी सरकवला आणि विषय संपवला.

विमान वर गेल्यावर डबा उघडला. सांबारवड्यांचा, म्हणजे आमच्या नागपुरी कोथिंबीर भरलेल्या तळलेल्या वड्यांचा, वास पुढच्या रांगांपर्यंत गेला. "शेजाऱ्याले देल्याबिगर खात नाही आमी," म्हणत एक वडी मला दिली, एक खिडकीजवळच्या टायवाल्याला. मग स्वतः अर्धी खाल्ली. मी आशेने डब्याकडे पाहिलं, तर त्यांनी झाकण लावलं.

"बाकीच्या पोरीच्या."

"ती येत नाही का उमरेडला?" मी विचारलं.

"लय दूर पडते म्हणते. म्हणून आज मीच इमानात बसली. सकाळी नागपुरातच, सक्करदऱ्याले बहिणीकडं तळल्या. गरम हायेत तवाच तिच्या हातात देतो. मंग पाहू, कशी दूर पडते म्हणते ते."

आवाजात राग नव्हता. निकाल लागलेला होता.

पुण्याला विमान टेकलं. बाईंनी टॉवेलात हात घालून डब्याचं बूड चाचपलं.

"हाये अजून," त्या म्हणाल्या, आणि पदर खोचून सगळ्यांच्या आधी दाराकडे निघाल्या.