प्रभाबायचं ‘बरी आहे’

पेडण्याच्या बाजारात प्रभावती परबचं शिवणकामाचं दुकान होतं. दुकान कसलं, एक मशीन, एक मेज, उजेड आत यायला खिडकी म्हणून एक जनेल आणि दोरीला टांगलेले ब्लाउज. पण बायका तिथे जरा बिचकतच जायच्या. प्रभाबायला गोड बोलता येत नसे. एखादी हौसेने कापड उलगडून विचारायची, "हा रंग मला कसा दिसेल गो?" प्रभाबाय तोंडातली टाचणी काढून सांगायची, "आजारी दिसशील." बाई फणकारून निघून जायची आणि चार दिवसांनी दुसरं कापड घेऊन मुकाट्याने परत यायची. तिच्या हातची बाही दुसऱ्या कुणाला जमत नव्हती, मग करता काय!

नवरा लवकर गेलेला, पोटी मूल नाही. संध्याकाळी दुकान बंद केलं की तिला सोबत टीव्हीवरच्या टपालबाईची. म्हणजे त्या नावाची मालिका. त्यातली इंदुताई एका डोंगरातल्या गावात पोस्ट सांभाळायची आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना त्यांची पत्रं वाचून दाखवायची. जे लिहिलंय ते, जसंच्या तसं. एका म्हातारीला तिचा लेक गेल्याचं पत्र आलं, तेसुद्धा इंदुताईने तिचा हात धरून, एक अक्षर न गाळता वाचलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रभाबायने एका ब्लाउजाच्या दोन्ही बाह्या उलट्या लावल्या.

अशी ती मालिका वाहिनीने दोनशे बाराव्या भागावर पटकन गुंडाळली. इंदुताईच्या हातात न उघडलेलं पाकीट, आणि समाप्त. "अर्धं शिवलेलं कापड गिऱ्हाइकाच्या अंगावर घालतात काय रे मेल्यांनो," असं प्रभाबाय टीव्हीलाच म्हणाली.

हेच वाटणारी आणखी माणसं होती. धारगळची क्षमा, पणजीला एका ऑफिसात कामाला जायची आणि ब्लाउज प्रभाबायकडे शिवायला टाकायची. तिने मोबाइलवर एक ग्रुप काढला, नाव ठेवलं ‘पुढे काय?’ ज्याला सुचेल त्याने इंदुताईचा पुढचा भाग लिहायचा आणि बाकीच्यांनी खरं मत द्यायचं. खरं मत! पेडणे-डिचोलीची अठरा माणसं, आणि कुणी काहीही लिहो, बाकीचे सोळाजण "अप्रतिम" म्हणायचे, अंगठे दाखवायचे, हात जोडायचे. भाग टाकून मिनिट झालेलं नसायचं आणि "डोळ्यांत पाणी आलं" हजर. वाचलं कधी, आणि पाणी आलं कधी?

अठरावी प्रभाबाय. ती तिच्या भाषेत लिहायची. "सुरुवात झोळदार झाली आहे, आत घ्या." "सगुणबाब, तुमच्या भागाला बुतांव आहेत पण काजं नाहीत." सगुणबाब रुसून दोन महिने गप्प बसले. क्षमाच्या एका भागात इंदुताई पंख्याखाली बसून थंड कॉफी प्यायली, तर प्रभाबायने लिहिलं, "ही इंदुताई नव्हे, ही तू आहेस." क्षमा आधी चिडली, मग तो भाग पुन्हा लिहिला आणि दुकानात येऊन म्हणाली, "प्रभाबाय, तू बोललीस म्हणून सुधारलं." तेव्हापासून प्रभाबायच्या शब्दाला ग्रुपमध्ये वजन आलं. खरं सांगायचं तर तिला ते आवडायचंही. आवडू नये कशाला?

आणि नेमकी तीच बाई एकदा घसरली.

डिचोलीजवळच्या मये गावचा कृष्णनाथ म्हणून एकजण ग्रुपात होता. त्याचा स्वतःचा ट्रक, जन्मभर खनिज वाहिलेलं. खाणी बंद होऊन तिसरं वर्ष लागलं होतं. ट्रक अंगणात उभा, चाकांभोवती गवत वाढलेलं. कृष्णनाथ रोज सकाळी आंघोळ करून, शर्टाचे बुतांव लावून त्या ट्रकमध्ये चढायचा, ड्रायव्हरच्या जागेवर बसायचा आणि मोबाइलवर इंदुताईचा भाग लिहायचा. जेवायची हाक आली की उतरायचा. हे त्याने स्वतःच एकदा ग्रुपवर हसत हसत सांगितलं होतं. प्रभाबायला काही हसू आलं नव्हतं.

त्याने लिहून लिहून मोठा भाग लिहिला, चाळीस पानांचा. खाणी बंद पडलेल्या गावात इंदुताईची बदली होते. ती दिल्लीला एक पत्र पाठवते. उलट टपाली उत्तर येतं, खाणी सुरू होतात, सगळे ट्रक हार घालून रस्त्याला लागतात. शेवटी त्याने लिहिलं होतं, "प्रभाबाय, खरं सांग."

इतर सोळाजणांनी पाच मिनिटांत "अप्रतिम" म्हणून टाकलं. प्रभाबायने दोन दिवस घेतले. गोष्ट तिला अजिबात पटली नव्हती. पण डोळ्यांसमोर तो अंगणातला ट्रक यायचा आणि बोट पुढे सरकेना. शेवटी तिने एवढंच लिहिलं, "बरी आहे." हुशार माणूस आहे, समजेल, असं म्हणून तिने मोबाइल मेजावर पालथा ठेवला.

आठवड्याने कृष्णनाथचा निरोप आला. गावच्या वाचनालयाचा वार्षिक कार्यक्रम, त्यात तो आपली गोष्ट वाचणार. छापील आमंत्रणावर नावही आलं होतं. खाली लिहिलेलं, "इतरांचं सोडा, पण आमच्या प्रभाबायने बरी म्हटली. आता कोणाला भ्यायचं?"

प्रभाबायने तो निरोप तीनदा वाचला, तेव्हा तिला घोटाळा कळला. आमच्या गोव्याकडची ही जुनी खोड आहे. घरात कोंकणी बोलायची आणि कागदावर मराठी लिहायची. प्रभाबायने लिहिलं ते शाळेतल्या मराठीत, आणि त्या मराठीत बरी म्हणजे जेमतेम. त्याने ते वाचलं घरच्या कोंकणीत, आणि कोंकणीत बरी म्हणजे चांगली. जन्मभर दोन्ही भाषा तोंडात घोळवणारी दोन माणसं, आणि तीन अक्षरी शब्दसुद्धा नव्हे, दोन अक्षरांवर आपटली.

आता कार्यक्रमाला समोर कोण बसणार? त्याच्याचसारखे ड्रायव्हर. दोन वर्षांहून जास्त घरी बसलेले. त्यांच्यासमोर हा वाचणार की इंदुताईने एक पत्र टाकलं आणि खाणी सुरू झाल्या! लोक हसतील. नाहीतर उठून जातील, ते हसण्याहून वाईट. आणि त्या लोकांत त्याला पुढचा जन्म काढायचा. कार्यक्रमाला दहा दिवस होते. गिऱ्हाइकाचं लग्न आठवड्यावर आणि ब्लाउज चुकलेला, म्हणजे शिंपिणीने काय करायचं? उसवायचा.

रविवारी तिने दुकानाला कुलूप लावलं. त्या चाळीस पानांची छापील प्रत काढून घेतली होती आणि जिथे जिथे खटकलं तिथे टाचणी टोचली होती. म्हापशाला बस बदलून ती डिचोलीला उतरली आणि तिथून मयेला पोचली.

कृष्णनाथ खरंच ट्रकमध्ये होता. तिला पाहून तो धडपडत उतरला, पडवीत खुर्ची पुसून दिली. त्याची बायको जानकी चहा करायला आत गेली. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून प्रभाबायला वाटलं, उठावं आणि परत जावं. तिने पिशवीतून पानं काढली.

"बाब, ही गोष्ट अशी वाचू नकोस."

"म्हणजे?"

"लोक हसतील."

कृष्णनाथ त्या टाचण्यांकडे बघत राहिला. "तूच बरी म्हटलीस मगे."

"ती मराठीत म्हटली होती रे."

मग त्याला उमगलं, आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. चहाचे कप घेऊन जानकी दारातच थांबली.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?" त्याने विचारलं.

"तुझी दया आली."

हे तिने बोलायला नको होतं, पण बोलली, कारण खरं तेच होतं. "तिथेच माझं चुकलं," ती म्हणाली. "इंदुताईने दोनशे बारा भागांत कुणाला खोटं पत्र वाचून दाखवलं नाही. त्या म्हातारीला तरी दाखवलं काय? तुझ्या गोष्टीत ती सगळ्यांना गोड स्वप्न वाचून दाखवते. ती इंदुताई नव्हे. आणि तुला गोड वाचून दाखवलं, ती मीही नव्हे. तिसऱ्या पानावर तो ड्रायव्हर रोज जाऊन विचारतो, माझं काही आलंय काय, आणि ती म्हणते, आज नाही. तेवढं एक खरं आहे. तिथे मी टाचणी लावलेली नाही, बघ."

कृष्णनाथने पानं बघितली नाहीत. तो उठला, अंगणात गेला, ट्रकमध्ये चढून बसला आणि त्याने दार ओढून घेतलं. चहा पडवीतच निवला. जानकी तिला रस्त्यापर्यंत सोडायला आली. "मलाही तसंच वाटलेलं," ती हळूच म्हणाली, "पण माझ्या तोंडातून निघेना." ते ऐकून प्रभाबायला फार बरं वाटलं असंही नाही. बस म्हापशाला पोचायच्या आत मोबाइलवर अक्षरं उमटली, कृष्णनाथ ग्रुपमधून बाहेर पडले.

ते आठ दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. क्षमा म्हणाली, "थोडं गोड सांगायचं होतंस." प्रभाबाय म्हणाली, "गोड सांगितलं म्हणूनच हे झालं."

कार्यक्रमाला ती गेली, अगदी मागच्या बाकावर बसली. वाचनालयाचा हॉल ड्रायव्हरांनी भरलेला. कृष्णनाथ उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात तीनच पानं होती. रोज पोस्टात येणारा एक ड्रायव्हर. माझं काही आलंय काय? आज नाही. एक दिवस पाकीट येतं. इंदुताई ते फोडते आणि आहे तसं वाचते, सध्या काही सांगता येत नाही. मग ती खिडकी बंद करते, बाहेर येऊन त्याच्या शेजारी पायरीवर बसते आणि म्हणते, चहा सांग रे, दोन. संपली गोष्ट.

कुणी हसलं नाही. पुढच्या बाकावरचा एक थोराड माणूस मान खाली घालून बसला होता, तो तसाच राहिला. टाळ्या वाजवायचं लोकांना उशिराच सुचलं. प्रभाबायने पदराने नाक पुसलं.

बाहेर पडताना तो दारात उभा होता. तिच्याकडे न बघता त्याने विचारलं, "कशी झाली?"

"बरी."

"खंयची बरी?"

"घरची," प्रभाबाय म्हणाली.

तेव्हा कुठे तो हसला. दुसऱ्या दिवशी क्षमाने त्याला ग्रुपात परत घेतलं.

महिन्याभराने प्रभाबायने धीर केला. लोकांचं उसवून झालं होतं, स्वतः मात्र तिने कधी एक ओळ लिहिली नव्हती. तिने इंदुताईचा एक भाग लिहिला, पाच वेळा वाचला आणि टाकला. धडाधड अंगठे आले. अप्रतिम, अप्रतिम, डोळ्यांत पाणी. दुपारपर्यंत सोळाजणांचं झालं. सतराव्याचा निरोप चार वाजता आला.

"बरी आहे. मराठीत."

तिचे कान तापले. एवढ्या उन्हातून मयेला गेले, चहाशिवाय परत आले, आणि हा मला सांगतो! तिने मोबाइल कापडाच्या चिंध्यांत फेकला आणि तासभर मशीन अशी हाणली की दोन सुया मोडल्या. तिसरी सुई ओवताना हात थांबला. सोळाजणांपैकी एकानेही तो भाग शेवटपर्यंत वाचला नव्हता. याने वाचला होता.

तिने चिंध्या उपसून मोबाइल शोधला आणि त्याला फोन लावला.

"कुठे आवळतंय ते सांग," ती म्हणाली आणि खडू हातात घेतला.