कोहळं फोडायची कुकरी

माझ्या घरात एकच शस्त्र आहे आणि त्यानं आजवर दोघांनाच इजा केली आहे : कोहळ्यांना आणि मला.

मेहुणा फौजेत होता. एका सुट्टीत येताना त्यानं डेहराडूनहून ही कुकरी आणली. मी तेव्हा खामगावातल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. पेन्सिलीला टोक करण्यापलीकडं हत्यार चालवलेलं नव्हतं. पातं पुढं झुकलेलं, पाठ करंगळीएवढी जाड, हातात घेतली की मनगट आपोआप खाली जावं. मेहुण्यानं ती कशी वापरायची ते बरंच सांगितलं. उपसताना चामड्याचं म्यान मुठीत आवळायचं नाही, पाठीकडून चिमटीत धरायचं. धार आतून शिवण कापते. जोर लावायचा नाही, तिच्या वजनानं पडू द्यायचं. खाली दगड नको, लाकूड पाहिजे. आणि ओली म्यानात घालायची नाही. मी मान डोलवत होतो. लक्ष सगळं याकडं, की ती हातात घेऊन फोटो काढला तर कोणत्या बाजूनं बरा दिसेन.

दुसऱ्याच दिवशी अंगणातल्या फरशीवर बाभळीचं लाकूड ठेवलं आणि होता नव्हता तेवढा जोर लावला. लाकूड उडून न्हाणीत गेलं, कुकरी फरशीवर आदळली. फरशीचा टवका गेला. पात्याला ज्वारीच्या दाण्याएवढी खाच पडली, ती अजून आहे. दुसरं एखादं पातं असतं तर दोन तुकडेच झाले असते. बायको म्हणाली, आता न्हाणीत जाऊन पाहा, लाकूड जिवंत आहे की नाही.

ती कुकरी कपाटात गेली आणि मी रिटायर झाल्यावर बाहेर आली. आमच्याकडं अख्खं कोहळं बाईनं फोडायचं नसतं. पहिला वार पुरुषानं करायचा, मग बाई खुशाल फोडी करते. गल्लीतले पुरुष सकाळीच शेतावर नाहीतर ऑइल मिलमध्ये. दिवसा घरी सापडणारा पुरुष मी एकटा, आणि त्यात माझ्याजवळ कुकरी. बाया कोहळं घेऊन येऊ लागल्या. पदाला पगार नव्हता, पण मान होता. बायको पाटावर पोतं अंथरायची, मी वार करायचो, बाया दोन शब्द बोलून जायच्या. मग आतून आवाज यायचा, "पुसली का वाकडी?" ती कुकरीला वाकडीच म्हणायची. मी हो म्हणायचो. माझं हो तिला ओळखीचं होतं, म्हणून ती येऊन पुन्हा पुसायची, जुन्या लुगड्याच्या चिंधीनं, खोबरेल लावून. एवढी वर्षं मी समजत होतो की लोखंडच चांगलं आहे.

ती गेली. त्यानंतरच्या दसऱ्याला मी एकट्यानं पूजा केली, पात्याला ओलं हळद-कुंकू लावलं आणि तशीच म्यानात घातली. कोणी काही विचारलं नाही.

मग मुलगी मला पुण्याला घेऊन गेली. सगळं चांगलं होतं. सकाळी सगळे कामाला जायचे आणि दिवसभर घरात मी आणि फ्रीज. त्यातला एक अधूनमधून गुरगुरायचा. तिथं कोहळं चिरूनच मिळतं, प्लास्टिकात गुंडाळलेलं. एवढ्या मोठ्या शहरात पहिल्या वारासाठी कोणाचंच अडत नाही. होळीच्या आधी मी परत आलो.

आल्यावर दार उघडं टाकून ओट्यावर बसायला लागलो. कोणी येईना. एकदा मागच्या गल्लीतून धप्प असा आवाज आला. कोहळ्याचाच, तो मी झोपेतही ओळखीन. ऑफिसात आपल्या खुर्चीवर दुसराच बसलेला पाहावा तसं झालं.

शेवटी शेजारची सून कमरेवर कोहळं घेऊन आली.

"आले का काका? मले वाटलं, तुमी आता तिकडचेच झाले."

मी थाटात कुकरी काढायला गेलो, तर ती निघेना. गंजून आतच धरली होती. शेजारीण उभी. आता हिनं मागच्या गल्लीची वाट धरली तर आपल्या दारात पुन्हा कोण येणार, एवढंच डोक्यात. म्यान मुठीत आवळलं आणि ओढलं. मेहुण्याचं म्हणणं खरं होतं : धार आतून शिवण कापते. शिवणीपाशी माझा तळहात होता. उपसलेली कुकरी रक्त प्यायल्याशिवाय म्यानात जात नाही, असं म्हणतात. माझी तर बाहेर यायच्या आधीच पिऊन बसली.

शेजारच्या सुनेनं आरडाओरडा केला नाही. हळद दाबली, फडकं बांधलं. मग मांडणीवरची भाजीची सुरी माझ्या धड हातात दिली आणि म्हणाली, टोचा नुसती. मी टोचली. झाला पहिला वार. कोहळं घेऊन ती घरी गेली आणि थोड्या वेळानं तिकडून एकच धप्प ऐकू आलं. म्हणजे माझ्या इतक्या वर्षांच्या पराक्रमाला सुरीचं टोक पुरलं असतं.

म्यानात घासलेट सोडून ठेवलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी ती सुटली. पातं तपकिरी झालेलं, कुंकू होतं तिथं खड्डे. राखेनं आणि लिंबानं घासत बसलो. चिंधी दारामागं खिळ्यालाच होती. नाकाशी धरली, तर खोबरेलाचा वास अजून होता. मग घासायचं काम जरा वेळ थांबलं.

पातं उजळलं, डाग राहिले. पण आता कोण येणार? भाजीची सुरी तर घरोघरी असते.

पुढच्या रविवारी शेजारची सून पुन्हा आली. कमरेवर कोहळं. तिच्या मागं पाहिलं, तर तिचा नवरा त्यांच्या ओट्यावर आरसा ठेवून दाढी करत होता. चांगला धडधाकट, सुट्टीवर. त्यानं फेसाळलेल्या तोंडानं मला रामराम केला. मीही केला. काऊन आणलं माझ्याकडं, असं विचारायचं ओठावर आलं होतं.

पाटावर पोतं अंथरलं. म्यान चिमटीत धरून कुकरी काढली, जोर न लावता नुसती पडू दिली. कोहळ्याची दोन भकलं बाजूला झाली. मी कुकरी म्यानात सरकवणार, तर भकलं उचलून निघालेली सून दारातच थांबली.

"पुसा आधी, काका. मंग जाते मी."

मी खिळ्यावरची चिंधी काढली आणि पुसायला बसलो. घाई केली नाही. खाच आहे तिथं तर फारच वेळ लागतो.