बोटमावशीच्या लॉजमधला गेस्ट

लॉजच्या खोल्यांची देखरेख करण्यात जिची हयात गेली, तिला सहसा धक्का बसत नाही. एका गेस्टची कवळी उशीच्या अभ्र्यात सापडली, तेव्हाही बोटमावशी शांतपणे म्हणाली होती, "खायचे दात इथेच राहिले, दाखवायचे घेऊन गेले वाटतं!" साफ केलेल्या खोलीत जायचं, खिडकीच्या कडेवरून बोट फिरवायचं आणि ते धुळीचं बोट साफ करणाऱ्याच्या नाकासमोर धरायचं, म्हणून ती बोटमावशी. झुरळांनी तर तिची धास्तीच घेतली होती. ती निवृत्त झाली तेव्हा त्यांनी मेजवानी दिली असेल.

तर अशा मावशीकडे शिकायला राहिलेली भाची एका सकाळी म्हणाली, "मावशी, मी किड्यांसाठी हॉटेल बांधतेय."

मावशीने हातातला कप बशीत आदळला.

"कुणासाठी?"

"किड्यांसाठी. आर्ट कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे. आपल्या बाल्कनीत."

"माझ्या घरात? मी जन्मभर ज्यांना झाडूनं हाकललं, त्यांना आता खोल्या द्यायच्या?"

"आपण नाही गं, ते स्वतःच येतील."

"मग तर बघायलाच नको! बुकिंगही नाही!"

पण भाची म्हणजे मावशीचा जीव की प्राण. चार दिवस आदळआपट करून मावशीनेच तिला कापायला लाकूड धरून दिलं. हळूहळू बाल्कनीत लाकडी चौकट उभी राहिली. ती हुबेहूब त्यांच्याच इमारतीसारखी होती. प्रत्येक खिडकीत बांबूच्या नळ्या, नाहीतर भोकं पाडलेले ओंडके. मावशीने आपली खिडकी शोधली आणि तिचे डोळे पांढरे झाले. "आपल्याकडे एवढी भोकं? आणि वरच्या डॉक्टरांकडे तीनच?"

अडचण एकच होती. परीक्षकांनी बजावलं होतं, "राहायला कुणी आलं, तर ती कलाकृती. नाहीतर नुसतं खोकं. आणि खोक्याला मी पास करत नाही." महिना झाला तरी एक मुंगी फिरकली नाही. भाचीचं तोंड चिमणीएवढं झालं.

आणि परीक्षेच्या तोंडावर कुंभारीण आली. बारीक कमरेची, घाईघाईची माशी. तोंडात ओल्या मातीची गोळी घेऊन ती थेट मावशीच्याच खिडकीत शिरली. दोन दिवसांत तिथल्या बांबूंची तोंडं मातीने बंद झाली. भाची नाचत नाचत कॉलेजात सांगायला गेली. मावशीला सांगायचं मात्र राहून गेलं.

दुपारी मावशी बाल्कनीत आली. सवयीने चौकटीवरून बोट फिरवलं, ते मातीने भरलं. बघते तर काय, आपल्या खिडकीतल्या नळ्या चिखलाने बुजलेल्या! उद्या परीक्षक येणार आणि आपली खिडकी अशी? तिने पदर खोचावा तशा बाह्या सरसावल्या, बाटल्या घासायचा ब्रश आणला आणि एकेक नळी आरपार लख्ख केली. वर फडकंही मारलं.

भाची परत आली आणि दारातच थिजली.

"मावशी... इथली माती?"

"काढली! काय घाण होती. आत हिरव्या अळ्यासुद्धा निघाल्या."

"अगं, कुंभारीण माशीची अंडी होती आत! अळ्या म्हणजे पिल्लांचा डबा होता!"

"खोलीत बाहेरचं खाणं?" मावशीच्या तोंडून सवयीने निघून गेलं. मग भाची मटकन खाली बसलेली दिसली आणि मावशीच्या हातातला ब्रश गळून पडला. पोरीचं वर्ष आपण घासून टाकलं! आणि त्या बाईचा भरला संसारही!

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून मावशी बाल्कनीच्या दाराशी असलेलं आपलं कपाट उघडायला गेली. किल्ली अर्ध्यावर अडली. वाकून बघितलं, तर कुलपाच्या भोकात ओली माती. मावशीचा हात केसांतल्या पिनेकडे गेला. आणि तिथेच थांबला.

"ए पोरी! ती इकडे राहायला आलीय गं!"

कपडे सगळे कपाटात. त्यामुळे परीक्षक आले तेव्हा मावशीने भाचीचा कवटीचं चित्र असलेला टी-शर्ट घातला होता. परीक्षक दारातच दचकले. मग त्यांनी चौकट निरखली.

"रिकामं आहे."



"रिकामं नाही साहेब," मावशी कपाटाच्या कुलपाकडे बोट दाखवत म्हणाली. "गेस्टला खोली बदलून दिलीय. आमच्याकडून साफसफाईत चूक झाली."

परीक्षकांनी कुलपाला नाक लावलं. "ही माती तुम्हीच ठासली नसेल कशावरून? उघडा कपाट."

"नाही उघडणार."

"मी परीक्षक आहे!"

"असाल! आत माणूस असताना आम्ही दार उघडत नाही!"

तेवढ्यात परीक्षकांच्या टकलाभोवती घूं घूं सुरू झालं. पायांत हिरवी अळी धरून कुंभारीण आली होती, आणि परीक्षक नेमके तिच्या दारात उभे. ते जागच्या जागी गारठले. मावशीने त्यांना दंडाला धरून बाजूला सारलं. "सरका, बाईंना आत जाऊ द्या. हातात सामान आहे त्यांच्या."

कुंभारीण अळीसकट कुलपात शिरली. परीक्षक भिंतीला टेकून, श्वास रोखून बघत राहिले. मग त्यांनी भाचीचा हात हातात घेतला आणि जोरजोरात हलवला.

भाची आनंदाने रडायला लागली. मावशी मात्र आ वासून कपाटाकडे बघत होती. एका किड्यासाठी आपण चांगल्या शिकलेल्या माणसाला ढकललं, आणि त्या किड्याला चक्क बाई म्हणालो!