एका घरावर दोन दावे

मैत्रिणींनो, आज कोर्टात माझ्या घराची तारीख होती.

नवरा गेल्यावर दिराने आमच्या हुडकेश्वरच्या घराच्या वाटणीचा दावा लावला. तो चालू असतानाच दुसरा लावला, मी घर खाली करावं म्हणून. दुसऱ्याचा निकाल आधी लागला असता, तर माझा हिस्सा ठरण्याआधीच मी रस्त्यावर आले असते.

वकीलबाई म्हणाल्या, “पहिल्या दाव्यात तुमच्या सासूबाईही आहेत, दुसऱ्यात त्यांचं नाव नाही. पक्षकार तेच नाहीत, म्हणून नंतरचा दावा थांबवायचं कलम नेमकं बसत नाही. पण दावा थांबवायचा कोर्टाला स्वतःचाही अधिकार असतो. तोच वापरा म्हणू.”

पहिल्याचा निकाल लागेपर्यंत न्यायाधीशांनी दुसरा दावा थांबवला. मला रडूच आलं.

बाहेर दीर म्हणाला, “काहून खुश होऊन राहिल्या, वैनी? दावा थांबला हाये, संपला नाही.”

खरं आहे ते. ज्याचा निकाल लागायचाय अशा घरात तुम्हाला झोप लागते का?