माइमू गाठ मारत नसे

हिवाळ्यात टपाल वाटायला निघण्याआधी माइमूचा बराच वेळ कपडे चढवण्यात जाई. अंगालगत पातळ लोकरीचं, त्यावर छातीशी घडी घातलेलं कालचं वर्तमानपत्र, कारण कागदातून वारा आत शिरत नाही. मग घरी विणलेला जाड स्वेटर आणि सगळ्यावर नवऱ्याचं कातडी जाकीट. खाली लोकरी विजारीवर पट्ट्यापट्ट्यांचे दोन घागरे. बूट मुद्दाम मापापेक्षा मोठे, घट्ट बुटात पाय लवकर बधिर होतो म्हणून. डोक्याभोवती लोकरी शाल, गालांना बदकाची चरबी. मेंढीच्या कातड्याच्या खोळी मोटरसायकलच्या हँडललाच शिवलेल्या होत्या, हात नुसते आत सारायचे.

किहनू बेटावरच्या सगळ्याच बायका असा जामानिमा करत. फरक एकच होता. बाकीच्या बायका कमरेपासून पोटऱ्यांपर्यंत कातडी पांघरूण पट्ट्यांनी आवळून बांधत. माइमू गुडघे तसेच वाऱ्यावर टाकी. तिचे गुडघे सुजत, जिना उतरताना ती कठड्याला धरून आडवी आडवी उतरे.

"अगं, बांध की ते कातडं," दुकानवाली हेल्यू दर हिवाळ्यात म्हणे. "गुडघे काय उधारीवर आणलेत?"

"चालतंय," एवढंच माइमू म्हणे. हेल्यूही पुढे ताणत नसे. तिला कारण ठाऊक होतं.

हिवाळ्यात समुद्र गोठला की माइमूचा नवरा एवाल्ड बर्फाखाली मासेमारीची जाळी टाकायचा. लग्नानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात माइमूनं त्याच्यासाठी सीलच्या कातड्याचं पांघरूण शिवलं, कमरेला आणि मांड्यांना पट्टे लावून. सकाळी तो मोटरसायकलवर बसला की ती स्वतः पट्टे आवळून देई. मार्चमध्ये परतीच्या वाटेवर प्रवाहानं बर्फ खालून खाल्लेला होता. मोटरसायकल, साइडकार आणि एवाल्ड, सगळं एकदम आत गेलं. पट्टे नसते तर तो वर आला असता की नाही, हे कुणीच सांगू शकलं नाही. पण दफनाच्या दिवशी एवाल्डची आई लीसू सुनेला म्हणाली, "तू त्याला बांधून पाठवलंस."

हे ती एकदाच बोलली. त्यानंतर दोघी एकाच घरात राहिल्या. बोलणं कोंबड्यांचं, सरपणाचं, सूप खारट झाल्याचं. उन्हाळ्यात पुरुषांनी तळातून मोटरसायकल वर काढली, तिचं इंजिन उघडून वाळवलं. माइमू तीच चालवायला शिकली आणि तिला टपालाचं काम मिळालं.

अशी वर्षं गेली. मग एका जानेवारीत मुख्य भूमीवरून फोन आला. लीसूची धाकटी बहीण रोसी शेवटच्या घटका मोजत होती आणि लीसूला बोलवत होती. होड्या केव्हाच बंद झालेल्या. धुक्यामुळे विमान येत नव्हतं. समुद्रावर बर्फ धरला होता, पण मोटारी पेलण्याइतका नाही.

लीसू काळा घागरा नेसून अंगणात येऊन उभी राहिली. "मला न्यायचं तर आता ने. नाहीतर मी चालत निघते."

"चालत? कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत जाताना दोनदा टेकता तुम्ही."

"म्हणून तर तुला सांगतेय."

माइमूनं साइडकारमध्ये मेंढीचं कातडं अंथरलं, उकडलेले गरम बटाटे मोज्यांत भरून सासूच्या पायांशी ठेवले, वर जाड पांघरूण घातलं. किनाऱ्यावर बर्फाची वाट राखणारा आर्वी उभा होता.

"तू हलकी आहेस, जा," तो म्हणाला. "पण मध्ये थांबू नकोस. अन् म्हातारीला बांधू नकोस. वेळ आली तर उडी मारता आली पाहिजे."

"मी आणि उडी," लीसू म्हणाली. "बाजूला हो रे, वाट अडवून उभा राहतोस ते."

किनाऱ्याजवळ वारा नव्हता. पुढे मोकळ्यावर आल्यावर तो बाजूनं घुसायला लागला. सैल पांघरूण फडफडे आणि लीसू ते दोन्ही हातांनी धरून ठेवी. माइमूनं पुन्हा वळून पाहिलं तेव्हा पांघरूण एका बाजूला लोंबत होतं. म्हातारीचे हात मांडीत निपचित पडले होते. ओठ निळे झाले होते आणि ती कुडकुडतही नव्हती. कुडकुडणं थांबलं की माणूस हातचं जायला लागतं, हे बेटावर लहान मुलांनाही ठाऊक असतं.

माइमू थांबली. खाली बर्फ लांबवर कण्हत गेला. तिनं जाकीट काढून सासूच्या खांद्यांवर टाकलं, तिचे हात आपल्या काखेत धरले, जोरजोरानं चोळले. लीसूचे डोळे हळूहळू जागेवर आले.

"बांध," ती म्हणाली.

"नको, आई."

"बांध म्हणते ना."

माइमू हलली नाही. तेव्हा लीसू अडखळत, जीभ जड झाल्यासारखी बोलली, "त्यानं मला सांगितलं होतं. त्याच हिवाळ्यात. म्हणाला, आई, यंदा पहिल्यांदाच माझे गुडघे गारठत नाहीत. फार खूश होता." मग म्हणाली, "हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं."

माइमूनं डोक्यावरची शाल सोडली. पांघरूण सासूच्या छातीपर्यंत ओढलं, शाल भोवती फिरवली आणि ओढताच सुटेल अशी सुरगाठ मारली. तिचं मोकळं टोक लीसूच्या मुठीत दिलं. मग स्वतः जाकिटाशिवाय, डोकं उघडं टाकून तिनं उरलेली वाट कापली. धुक्यातून पलीकडचा धक्का दिसला तेव्हा तिला कान असल्याचंही कळत नव्हतं.

रोसीनं बहिणीला ओळखलं. "किती गार हात तुझे," म्हणाली आणि पलंगावर सरकून तिला जागा दिली. दोघी म्हाताऱ्या एकाच रजईत झोपल्या. तीन दिवसांनी रोसी गेली.

लीसू होड्या सुरू होईपर्यंत तिकडेच राहिली. वसंतात परतल्यावर ती कधीमधी एवाल्डचं सांगू लागली. लहानपणी तो घोड्याला घाबरायचा, जाळी विणताना जीभ बाहेर काढायचा. माइमू विणकाम हातात घेऊन ऐके, कधी हसे. त्या दिवसापासून तिच्या डाव्या कानाचा शेंडा काळवंडला होता, तो तसाच राहिला.

पुढच्या हिवाळ्यात ती निघायच्या वेळी लीसू खिडकीतून आकाश बघे. "उत्तरेचा वारा आहे आज. टपाल उद्या दे."

"कुणीतरी वाट बघत असेल," असं म्हणून माइमू घडी केलेलं वर्तमानपत्र स्वेटरखाली सारी आणि बाहेर पडे.