न विरघळणारं औषध आणि आमचे साडू

आमच्या थोरल्या साडूंइतका निराश माणूस जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मिळून दुसरा झाला नसेल. लग्नपत्रिका हातात पडली की मांडवात पाऊस येणार हे ते तारीख वाचायच्या आधीच सांगत. चहा बरा झालाय का, असं बायकोनं विचारलं तर म्हणत, "आज झालाय." तालुक्यातल्या फार्मसी कॉलेजात ते शिकवत. नव्या वर्गापुढं त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "पुष्कळशी औषधं पाण्यात विरघळत नाहीत. पोटात जातात आणि जशी गेली तशीच बाहेर येतात. हे ज्याला सोसेल त्यानंच इथं बसावं."

याला कारण होतं. निमगाव सावाला त्यांची धाकटी बहीण राहायची, तिला लहानपणापासून आकडी यायची. तिची गोळी असल्याच न विरघळणाऱ्या जातीची. कधी लागू पडे, कधी नाही. त्यामुळं तिला चुलीपाशी एकटं सोडत नसत आणि विहिरीकडं तर जाऊच देत नसत. हे औषध विरघळवायचंच, असं साडूंनी मनावर घेतलं. एका दिवाळीत त्यांनी हातात अनारसा धरून आम्हाला सगळं समजावलं. "याला जाळी असते म्हणून तूप भोकाभोकांत शिरतं. तशीच बारीक भोकांची पूड घ्यायची. औषध स्पिरिटमध्ये विरघळवून तीत मुरवायचं आणि स्पिरिट उडवून टाकायचं. भोकात अडकलेल्या औषधाला साखरेसारखा खडा धरायला जागाच राहत नाही. पाणी लागलं की सुटलंच." मग अनारसा उलटून पाहत म्हणाले, "हा बिघडलाय. जाळीच पडली नाही." सासूबाई भाऊबीजेपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठी कुठल्याशा दूरच्या ज्वालामुखीची पुरातन राख सापडते, हे कळल्यावर, तिला तशीच भोकं असतील म्हणून आम्ही दोघं माझ्या स्कूटरवर गेलो आणि खताची गोणी भरली. बांधावरच्या शेतकऱ्यानं विचारलं, "पावणं, राख कशाला न्हेताय?"

"औषधाला."

"मंग आमी तर ती जन्मापासून खातोय की, वाऱ्याबरूबर."

साडूंनी पंधरा दिवस ती राख धुतली, चाळली, भाजली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. गुळगुळीत कपच्या निघाल्या, भोक औषधालासुद्धा नाही. "नुसती काच आहे," असं त्यांनी जवळजवळ समाधानानं सांगितलं.

पुढं पुण्याहून खरी पूड आली, तर वीज जायला लागली. गोल भांड्यात तासभर पातं फिरवून औषध किती सुटतं ते मोजायचं, आणि पाऊण तास झाला की लोडशेडिंग. असे दोन उन्हाळे गेले. अखेर एका रविवारी प्रयोग पार पडला. साधं औषध तळाशी तसंच पडून होतं, यांचं पुरतं विरघळलं होतं. काहीतरी चुकलं असणार म्हणून त्यांनी तो आणखी चारदा केला. चुकलं नव्हतं.

बहिणीला सांगायला गेले तेव्हा मी बरोबर होतो. ती मेथी निवडत होती. "दादा, माझ्यासाठीच केलंस ना? मंग मला दे की."

"काचेच्या भांड्यात विरघळलं म्हणजे माणसाला चालतं असं नसतं गं. आधी जनावरांवर बघायचं, मग माणसांवर, मग परवानग्या. कुणी कंपनी उभी राहिली तर."

"आन् न्हाई राहिली तर?"

साडूंनी मेथीची एक जुडी पुढ्यात ओढली. तीही परत मेथी निवडायला लागली. त्या दिवशी साडू न जेवता निघाले. पुढं त्यांनी कितीतरी कंपन्यांना पत्रं लिहिली. एकीचंच उत्तर आलं: औषध जुनं आहे, आम्हाला रस नाही.

मग मंचरच्या एका नव्या डॉक्टरनं बहिणीचं औषधच बदललं. हे नवं पाण्यात आपलं आपण विरघळणारं होतं. वर्षभरात आकडी थांबली. साडू माझ्याकडं आले.

"थांबली," ते म्हणाले.

"मग वाईट काय झालं?"

"काहीच नाही. तेच तर कळत नाही."

त्यानंतर त्यांनी त्या पुडीच्या बरण्या उघडल्या नाहीत.

चाळिशी उलटलेल्या बहिणीला लेण्याद्रीच्या पायऱ्या आजवर कुणी चढू दिल्या नव्हत्या. त्या माघात आम्ही तिघं गेलो. अर्ध्यावर साडूंना दम लागला. "दादा, तू बस. मी येते जाऊन," म्हणून ती एकटीच पुढं निघाली. मध्ये ती दोनदा थांबली, दोन्ही वेळा आम्ही दचकून उठलो. ती नुसती खालची शेतं बघत होती. मग वळणाआड गेली.

"लई वर गेली, राव," साडू म्हणाले, आणि ती दिसत नव्हती तरी वरच बघत राहिले.