अठ्ठावीस पौंडांचा ताण

आता तुमच्यापासून काय लपवायचं? पण हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. मी माझ्याच पोरीची रॅकेट मोडली. तीही भरल्या हॉलमध्ये, लेखी कबुली देऊन!

आमचं गाव आखाडा बाळापूर. माझं खता-बियाण्यांचं दुकान आहे, पण गावात खरी ओळख वेगळी. बाज विणावी तर मीच! सुंभ असा ताणतो की वर रुपया टाकला तर टुणकन उडतो. लोक मुद्दाम बोलावून नेतात. आमच्या घरची बाजही माझ्याच हातची. फक्त आमची फरशी जरा उंचसखल, त्यामुळे एका पायाखाली वीट ठेवावी लागते. ते असो.

माझी मोहिनी बॅडमिंटन खेळते. हळद वाळवायच्या पटांगणात चुन्याच्या रेघा मारून शिकली, त्यामुळे तिची सगळी शटलं पिवळी! जिल्ह्यात पहिली आली तेव्हा तिला एक भारी रॅकेट बक्षीस मिळाली. यंदा हिंगोलीत बाप-लेकींच्या दुहेरीची स्पर्धा निघाली, तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, पुढल्या महिन्यात मी नर्सिंगला पुण्याला चालले. एक कप तुमच्यासंगं जिंकून जाते."

खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं. महिनाभर रोज सकाळी त्या पटांगणात घाम गाळला.

आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्या बक्षिसाच्या रॅकेटची जाळी तुटली. मोहिनी म्हणाली, "ही रॅकेट तुमीच घ्या, हलकी हाय. मी जुनीनं खेळते. हिंगोलीला जावेदभाईंकडून गटिंग करून आणा, म्हंजे नवी जाळी बसवून देतेत. पण ताण बावीस पौंडाच्या वर जाऊ देऊ नका. तुमाला तर वीसच बराबर."

"मला वीस काहून?"

"जरा सैल असली की शटल लांब जातं, पप्पा. लई ताण जोरात मारणाऱ्यांना लागतो."

आता बघा! ज्यानं अर्ध्या तालुक्याच्या बाजा ताणल्या, त्याला सैल जाळी? सैल बाजेवर झोपलेला माणूस सकाळी सरळ उठतो का, तुम्हीच सांगा!

जावेदभाईंनी रॅकेट मशीनला लावली. "कित्ता रखूं, सेठ?"

"मशीन कुठवर जातं?"

"मशीन तो तीस तक जाता. मगर ये देखो, रॅकेटपे चोवीस लिखेला है. उसके उप्पर करे और टूटी, तो मेरे कू नक्को बोलना."

"अहो, काळीपिवळी जीपवर पण नऊ प्रवासी लिहिलेलं असतं. बसतात किती? अठ्ठावीस करा!"

जावेदभाईंनी उसासा टाकला आणि कागद पुढे सरकवला. "लिख के देव."

मी लिहिलं, 'अठ्ठावीस पौंड माझ्या मर्जीने. मोडल्यास जबाबदार मी.' तेवढ्यावर थांबावं की नाही? पण हातात पेन आलं की आपल्याला चेव चढतो. खाली आणखी एक ओळ टाकली, 'बाज विणणाऱ्याला ताण शिकवू नये.' आणि सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच सामन्यात माझी दाणादाण उडाली. कितीही जोर लावा, शटल आपलं जाळ्यापलीकडे जाऊन मधेच पडायचं. समोरचे आयतं झोडपायचे.

"पप्पा, मागंपर्यंत काहून जाऊन न्हाई राहिलं? किती पौंड केलं?"

"तू सांगितलं तितकंच की!"

"मग खांदा दुखून राहिला का?"

"व्हय व्हय, खांदाच." बुडत्याला काडीचा आधार हो!

झालं! पोरीनं माझ्या धडधाकट खांद्यावर स्प्रे मारला, पट्टी बांधली आणि माझ्या वाट्याचंही मैदान पळायला लागली. तेवढ्यात माइकवरून सामना सांगणारे गुरुजी गहिवरले. "बघा मंडळी, खांदा निकामी असूनही लेकीसाठी खेळणारा बाप!" टाळ्यांचा कडकडाट. मी चेहरा दुखरा केला. करणार काय?

पोरीनं एकटीच्या जिवावर अंतिम सामना गाठला. समोर कुरुंद्याचे बाप-लेक. वीस-एकोणीस, आम्ही पुढे. एक पॉइंट की कप आमचा! आणि शटल उंच, अलगद, माझ्याच डोक्यावर आलं.

मी सगळी ताकद लावून हाणलं. शटल लागलं कडेला. कडाड्! रॅकेटचं तोंड पापडासारखं दुमडलं आणि शटल माझ्याच पायाशी पडलं. उसन्या रॅकेटनं पुढचे दोन पॉइंटही गेले. कप कुरुंद्याला.

माझी सटकली. जावेदभाई तिथंच गुण लिहायला बसले होते. "जावेदभाई, ही काय गटिंग केली?"

त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून माइकवाल्या गुरुजींना दिली. त्या भल्या माणसानं ती मोठ्यानं वाचली. शेवटच्या ओळीसकट! वर जावेदभाईंनी माझं जीपच्या नऊ प्रवाशांचं गणितही सांगून टाकलं. हॉल असा हसला की पत्रे थरथरले.

मोहिनी हसली नाही. फक्त विचारलं, "खांदा?"

"बराबर हाय."

जीपमध्ये कळमनुरीपर्यंत ती गप्प होती. कप गेल्याचं नाही, तिच्याशी खोटं बोललो याचं मला फार लागलं. कळमनुरीला आणखी चौघं आत कोंबले गेले, माझे गुडघे माझ्या हनुवटीला टेकले, तेव्हा ती हळूच म्हणाली, "पप्पा, हिच्यावर किती लिहिलंय?" आणि जी हसत सुटली, ती बाळापूर येईस्तोवर.

घरी येऊन मी बाजेवर बसलो आणि बायकोला, मंगलला, सांगितलं, "चूक ताणाची न्हाई. त्या रॅकेटची चौकटच कच्ची."

"सुंभ जळला तरी पीळ जात न्हाई म्हणतेत ते खोटं न्हाई," मंगल म्हणाली. तिनं वाकून बाजेखालची वीट काढली. बाज एकीकडे कलंडली, मी खाली!

"आपली फरशी…" मी म्हणालो.

"फरशी सरळच हाय. तुमी इतकं ताणता की बाजेची चौकटच पिळून निघती, अन् एक पाय वर उचलतो. समद्या गावाला ठावं हाय. तुमाला वाईट वाटंल म्हणून कोणी बोलत न्हाई."

माझा विश्वास बसला नाही. तसाच उठलो आणि मी बाजा विणून दिलेली गल्लीतली चार घरं पालथी घातली. तीन घरी बाजेखाली वीट होती.

चौथ्या घरी नव्हती. तिथं दगड होता.